पीएसए करण्याआधी आत्याला फोन लावा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढतेय. पीएसए म्हणजे प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर हेरायची रक्ततपासणी. ती करायला आलेला माणूस दारातच ओळखू येतो. फॉर्म बायको भरते, "ह्यांना रात्रीतून चारदा उठावं लागतं" हेही तीच सांगते, आणि हे महाशय भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतात.

मागच्या महिन्यात मात्र माझा मामेभाऊ एकटाच आला. वय 46, त्रास काही नाही. "अटलांटाचा भाचा म्हणे, तिथं पंचेचाळिशीतच करतात. काढ रक्त."

मी म्हटलं, दादा, थांब जरा. ती पंचेचाळिशी सगळ्यांची नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा वर्षानुवर्षांचा सल्ला असा, की सर्वसाधारण पुरुषांनी 50 व्या वर्षी डॉक्टरांशी बोलावं. 45 हे वय कृष्णवर्णीय पुरुषांसाठी, आणि ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला 65 च्या आत हा कॅन्सर झाला त्यांच्यासाठी. घरात असे दोघं असतील तर 40. तिथले कृष्णवर्णीय पुरुष या आजाराने गोऱ्यांच्या साधारण दुप्पट प्रमाणात मरतात. त्यात अनुवंशाचा वाटा असेल, पण विमा नसणं, निदान उशिरा होणं, उपचार अर्धवट मिळणं हेही आहे. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत, जिथे सगळ्यांना एकाच दारातून उपचार मिळतात, तिथे ही दरी बरीच कमी झालेली दिसते. आणि गंमत पाहा, पीएसएचा फायदा मोजायला अमेरिकेत सुमारे 77,000 पुरुषांची मोठी चाचणी झाली, त्यात कृष्णवर्णीय जेमतेम 4 टक्के. ज्यांना धोका जास्त, तेच मोजणीत कमी. इथल्या खामल्याच्या माणसाचा तर त्यात प्रश्नच नव्हता.

म्हणून तिथलं वय उचलून इथे चिकटवू नका. उचलायचाच तर तिथला प्रश्न उचला: घरात कोणाला होता? वडील, भाऊ, काका विचाराच, पण आईकडे स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर होता का, तेही विचारा. काही घराण्यांत बीआरसीए जनुकातला एकच दोष दोन्हीकडे दिसतो. पुरुषांना विचारून उपयोग नाही, ते सांगत नाहीत. आत्याला विचारा.

आता रक्त देताना. उपाशी यायची गरज नाही. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध नको, सायकल नको. टक्कल किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड चालू असेल तर टेबलावरच सांगा. त्या गोळीने काही महिन्यांत आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि रिपोर्ट उगाच छान दिसतो. डॉक्टरांकडून गुदमार्गातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी व्हायची असेल तर रक्त आधी द्या. लघवीला जळजळ असेल तर परत जा.

ही शेवटची चूक मी स्वतः केली. बाबांना जळजळ होत होती, मीच घरी टोचलं, पिवळ्या टोपणाच्या ट्यूबवर त्यांचं नाव लिहिलं. आकडा आला 11.6. आईला सांगावं की नाही, यात रात्र गेली. सकाळी युरोलॉजिस्टने आधी लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं. गोळ्या झाल्या, दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा केली: 2.9.

तेव्हा आकडा 4 या नेहमीच्या मर्यादेच्या वर गेला म्हणून लगेच बायोप्सीचा हट्ट नको. पुन्हा तपासणी, मग गरज वाटल्यास एमआरआय, मग सुई. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात की नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. ऑपरेशननंतर लघवी गळणं, ताठरता जाणं हे मात्र खरं आहे, ते आधीच विचारून घ्या. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने 2012 मध्ये ही तपासणी नकोच म्हटलं, 2018 मध्ये 55 ते 69 वयाच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं म्हटलं. सत्तरीनंतर त्रास नसेल तर करू नका, असंही.

आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, प्रोस्टेट नाही. म्हणजे तुम्हाला कोणी बोलावायला येणार नाही. मेडिकल किंवा मेयो, या इथल्या सरकारी हॉस्पिटलांची ओपीडी गाठा. पुढचं निघालंच तर तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. धार बारीक झाली, लघवीत रक्त दिसलं किंवा कंबर हाडातून दुखायला लागली, तर मात्र वयाचा हिशेब बाजूला ठेवा.

दादाची आत्या म्हणजे माझीच आई. काउंटरवरूनच फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मामाचं एकसष्टाव्या वर्षी मूतखड्याचं ऑपरेशन झालं होतं, एवढंच आम्हाला माहीत.

"मूतखडा कुठला," आई म्हणाली. "गाठ होती त्याले, प्रोस्टेटची. कोणाले सांगू नको म्हणे."

दादा काही बोलला नाही. खुर्चीत बसला, बाही वर केली, आणि सुई बाहेर आल्यावर म्हणाला, "उद्या धाकट्यालेही पाठवतो."