जर्मनीत दुसऱ्या घरासाठी इंटरनेट घेताना

कुटुंब एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात, अशी ओढाताण जर्मनीत आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या वाट्याला येते आणि मग सोमवार ते गुरुवार राहण्यापुरते एक लहानसे घर भाड्याने घ्यावे लागते. त्या घरासाठी इंटरनेट घेताना पहिल्या घराचाच कित्ता गिरवू नये.

येथील नेहमीचा करार 24 महिन्यांचा असतो. नोकरीचा प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचे पहिले सहा महिने, पूर्ण होण्याआधीच दोन वर्षांच्या करारावर सही करणारे नवागत मी सतत पाहतो आणि दर वेळी मन हळहळते. नोकरी सुटली किंवा पहिल्या घरी परतावे लागले, तरी करार सुटत नाही. नव्या पत्त्यावर कंपनी तीच सेवा देऊ शकत नसेल, तरच एक महिन्याच्या सूचनेने मोकळे होता येते. देऊ शकत असेल, तर एकाच घरात दोन जोडण्यांचे पैसे भरण्याची पाळी येते. डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या कायद्यामुळे मूळ मुदत संपल्यावर केव्हाही एक महिन्याच्या सूचनेने करार थांबवता येतो, पण पहिल्या 24 महिन्यांना त्याचा उपयोग नाही. म्हणून महिन्याला थोडे अधिक पैसे पडले तरी दरमहा रद्द करता येणारा करारच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजी बोलणारा विक्रेता भेटतो म्हणून आपले लोक दुकानात जातात. ऑनलाइन किंवा फोनवर केलेला करार 14 दिवसांत विनाकारण मागे घेता येतो. दुकानात सही केली, तर कायद्याने हा हक्क मिळत नाही.

वेगाचा फार विचार करू नये. एकट्या माणसाच्या कार्यालयीन कामाला 50 एमबीपीएस पुरेसे होते. सिमकार्डावर चालणारा राउटरही चालेल, मात्र आधी त्याच खोलीत, खिडकी बंद करून, मोबाइलचे नेटवर्क तपासावे, कारण जुन्या इमारतींच्या जाड भिंतींमागे ते पुष्कळदा क्षीण होते.

तारेची जोडणी घेतलीच, तर तंत्रज्ञ येण्यापूर्वी दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर आपले आडनाव करारात आहे तसेच लावावे. येथे घंटीवर घरक्रमांक नसतो, नाव असते. ते सापडले नाही, तर तंत्रज्ञ परत जातो आणि पुढच्या तारखेसाठी पुन्हा थांबावे लागते.