कार्यालयातल्या वाढदिवसांची तयारी: तारखेच्या नोंदीपासून शुभेच्छेच्या ओळीपर्यंत

मार्चअखेरची बिलं एकदाची मार्गी लागली की एप्रिलच्या पहिल्या निवांत दुपारी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि वर्षभराच्या वाढदिवसांची तयारी सुरू करावी. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सरकारी कार्यालय आहे. पण बँक, शाळा, कारखान्याचं ऑफिस कुठेही यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी तारखा. कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या आस्थापना शाखेत प्रत्येकाचं सेवापुस्तक असतं आणि त्यात जन्मतारीख असते, पण ते उघडून तारखा उतरवून घेऊ नका. सेवापुस्तक त्या कामासाठी नाही. शिवाय त्यात जन्मसालही असतं आणि आपलं वय टेबलाटेबलावर फिरलेलं प्रत्येकाला आवडत नाही. वही घेऊन स्वतः प्रत्येकाकडे जा आणि विचारा: वाढदिवस कधी, ऑफिसात साजरा केलेला चालेल का, आणि खाण्यात काय वर्ज्य आहे. जो म्हणेल "माझा नको", त्याच्या नावापुढे तसं लिहा आणि ते पाळा. काहींच्या धर्मपंथात वाढदिवस करतच नाहीत, काहींना घोळक्याच्या मध्यभागी उभं राहणं सोसत नाही. कारण विचारत बसू नये.

प्रत्यक्ष विचारण्याचं दुसरं कारण म्हणजे 1 जून. पन्नाशीच्या आसपासच्या मंडळींची यादी काढलीत तर 1 जूनला एकदम चार-पाच नावं सापडतील. जन्म घरी झालेला, नोंद कुठेच नाही, शाळा जूनमध्ये उघडणार, मग गुरुजींनी वय बसेल असं साल धरून 1 जून लिहून टाकलं. खेड्यापाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची कागदावरची जन्मतारीख अशी आहे. त्यांच्या आईला विचारलं तर ती सांगते, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला हा." असं काही कळलं तर वहीत दोन्ही नोंदी करा आणि शुभेच्छा कोणत्या दिवशी आवडतील ते त्यांनाच ठरवू द्या. कित्येकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला फोन ऐकूनच भरून येतं, कारण तो दिवस घराबाहेर कुणालाच माहीत नसतो. जे 1 जूनच मानतात त्यांना त्या तारखेची एक चांगली सोबतही आहे. दख्खनची राणी 1 जून 1930 रोजी पहिल्यांदा धावली आणि तिचा वाढदिवस प्रवासी पुणे स्टेशनवर केक कापून साजरा करतात. 29 फेब्रुवारीवाले असतील तर 28 की 1 मार्च हे विचारून ठेवा. खरी तारीख आता थेट 2028 मध्ये येणार आहे.

आता वहीत जी नावं आपोआप येत नाहीत ती. सफाईचं काम करणाऱ्या मावशी, गेटवरचे सुरक्षारक्षक, भाड्याच्या गाडीवरचे ड्रायव्हरकाका, कंत्राटावरचा डेटा एंट्री ऑपरेटर. यांची कागदपत्रं ठेकेदाराकडे, म्हणून आस्थापनेच्या कुठल्याही यादीत ही माणसं नसतात. रोज सकाळी आपल्या आधी येऊन फरशी पुसणाऱ्या बाईंचं नाव किती जणांना ठाऊक आहे, विचारून पाहा. शुभेच्छापत्रावर "मावशींना" असं लिहून भागवू नका. पूर्ण नाव विचारा, नीट लिहा, आणि मग हाक हवी तर मावशीच मारा. माझं ठाम मत आहे की ज्या कार्यालयात साहेबांना मोठा केक आणि मावशींना नुसतं "हॅपी बर्थडे हं" मिळतं, तिथे ही वही न केलेली बरी.

तारखा झाल्या की कालनिर्णय खिळ्यावरून उतरवून त्या तारखा पंचांगाशी ताडून पाहा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, पर्युषण, रमजानचा महिना. ज्याचा वाढदिवस आहे त्याचाच उपास असेल तर केक कापायला लावून त्याला बाजूला उभं करणं वाईट दिसतं. राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर, कँटीनमधले साबुदाणावडे, काहीही चालेल. ज्यांचा रोजा आहे त्यांचा वाटा डब्यात बांधून ठेवा, संध्याकाळी घरी नेतील. तारीख शनिवार-रविवारी आली तर माझा कौल सोमवारला. आधीच्या शुक्रवारी उरकलेला वाढदिवस बऱ्याच जणांच्या मनाला पटत नाही.

केकच आणायचा असेल तर एक किलोचा बारा ते पंधरा जणांना पुरतो. अंड्याचं विचारून घ्या. पाकीटबंद असेल तर हिरव्या ठिपक्याची खूण बघा. मे महिन्यात नागपूर-नांदेडकडे क्रीमचा केक सकाळी आणून ठेवला तर दुपारपर्यंत त्यावरचं नाव वाहून गेलेलं असतं, म्हणून दुकानदाराला साडेबाराची वेळ द्या. मुंबईत लोकलने येणाऱ्यावर केक आणायचं काम सोपवू नका, स्टेशनपासून ऑफिसच्या वाटेवरचं दुकान गाठा. मला स्वतःला विचाराल तर गरम बटाटेवडे आणि पेढे यांनी जेवढी माणसं टेबल सोडून गोळा होतात तेवढी केकने होत नाहीत. मधुमेह असलेल्यांनाही वडा हातात घेता येतो.

वर्गणी दरमहा, थोडी आणि सगळ्यांच्या वाढदिवसाला सारखीच असू द्या. शिपाई आणि कंत्राटी माणसांकडून घेऊ नका. हिशेब वहीच्या मागच्या पानावर, कुणीही उघडून बघावा असा. साहेबांना किंवा मॅडमना महागडी भेट अजिबात नको. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये भेटवस्तूंवर बंधनं आहेत आणि हाताखालच्या माणसांनी पैसे गोळा करून साहेबांना काही देणं नियमाबाहेरही अवघडच असतं. फूल आणि सगळ्यांच्या सह्यांचं पत्र पुरे.

वेळ जेवणाच्या सुट्टीतली, आणि तीही पंधरा मिनिटं. बाहेरगावाहून दाखल्यासाठी आलेला माणूस खिडकीपाशी ताटकळतोय आणि आतून टाळ्या ऐकू येतात, हे कुणाच्याही वाढदिवशी होता कामा नये. रांग संपली नसेल तर एकाने खिडकीवर बसावं आणि त्याचा वडा झाकून ठेवावा.

औक्षण करायचं ठरलं तर तबक, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी हे सामान एका स्टीलच्या डब्यात कपाटात कायमचं ठेवा. अंगठी कुणाच्या तरी बोटातली मिळते. हमखास राहते ती काडेपेटी, आणि ऐनवेळी बंद करायचा राहतो तो डोक्यावरचा पंखा. औक्षण बायकांनीच करायचं असं गृहीत धरू नका, आणि ज्याला ते नको असेल त्याच्यापुढे तबक नेऊ नका. फेसाचा स्प्रे मात्र आणूच नका. त्यातला वायू बहुधा पेट घेणारा असतो आणि समोर मेणबत्ती जळत असते. केक तोंडाला फासणंही नको. उंच केकच्या आत आधाराला काड्या खोवलेल्या असतात, त्या डोळ्यात जाऊ शकतात.

हे सगळं जमलं तरी मुख्य काम शुभेच्छेचं, आणि तिथेच आपण सगळ्यात कमी वेळ देतो. ग्रुपवर सकाळी एक जण "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" टाकतो, खाली तीसजण तेच चिकटवतात आणि वरच्या फुलांच्या चित्रात नावही नसतं. शुभेच्छा लिहून झाली की एक कसोटी लावा: यातलं नाव खोडून शेजारच्या टेबलावरच्याचं घातलं तर ती तशीच चालते का? चालत असेल तर पुन्हा लिहा. त्या माणसाच्या कामातली एक खरी गोष्ट त्यात आली पाहिजे. ती ऐनवेळी आठवत नाही, म्हणूनच वही. प्रत्येकाला एक पान द्या आणि वर्षभरात काही दिसलं की तिथे एक ओळ टिपा. ऑडिटच्या वेळी 2011 ची नस्ती (फाइल) कुणी शोधून काढली, नव्या मुलीला वेतनदेयक (पगारबिल) कुणी शिकवलं, पुराच्या आठवड्यात कोण रात्री थांबलं.

मग लिहायला अडत नाही. वरिष्ठांना: "सर, जुलैच्या पुरात तुम्ही आम्हाला घरी पाठवून स्वतः नियंत्रण कक्षात थांबलात, ते आम्ही विसरलेलो नाही. आपणास उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. वाढदिवसाचे मनःपूर्वक अभीष्टचिंतन." बरोबरीच्या मित्राला: "तुझ्या टेबलावर आलेला माणूस कधी हेलपाटा मारून परत गेला नाही. असाच राहा. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!" पहिल्याच वर्षात असलेल्या मुलीला: "आलीस तेव्हा टिपणी लिहायला घाबरायचीस, आता आम्ही तुझी टिपणी नमुना म्हणून दाखवतो. पुढच्या परीक्षेसाठी आणि पुढच्या सगळ्या वर्षांसाठी शुभेच्छा." शिपाईदादांना: "दादा, आवक-जावकची सगळी टपालं तुमच्या डोक्यात असतात, तुम्ही रजेवर गेलात की ते कळतं. तुम्हाला आणि वहिनींना सुखाचं, निरोगी वर्ष जावो." दोन-तीन ओळी पुरतात. चारोळी जुळवायची असेल तर जुळवा, पण यमकासाठी त्या माणसात नसलेला गुण चिकटवू नका.

वय, वजन, टक्कल, लग्न, मूलबाळ, रखडलेली पदोन्नती यांवरचे विनोद पत्रात नकोत. बोलताना हसणारा माणूस ते लिहिलेलं घरी नेतो. शुद्धलेखन एकदा तपासा: हार्दिक, शुभेच्छा, दीर्घायुष्य, अभीष्टचिंतन. आडनाव ती व्यक्ती स्वतः लिहिते तसंच लिहा. पत्रावर सह्या घ्यायला चार दिवस आधी सुरुवात करा आणि ते साध्या फाइलीत घालून फिरवा, म्हणजे ज्याचं आहे त्याच्या नजरेस पडत नाही. फिरतीवर असणाऱ्यांची सही आधी. फोटो घालून बॅनर करायचा असेल तर फोटो विचारून घ्या, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला नको.

ज्यांच्या घरी वर्षभरात कुणी गेलं आहे त्यांच्या पानावर खूण करा. बहुतेक घरांत वर्षश्राद्धापर्यंत सण-समारंभ करत नाहीत. त्यांच्यासाठी केक, टाळ्या, ग्रुपवरची चित्रं काही नको. पण तारीख विसरल्यासारखंही वागू नका. जवळच्या एकाने त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसावं, चहा सांगावा. लिहायचंच तर एवढं: "आज तुमची आठवण ठेवून आलो. बाबांना तुमचा फार अभिमान होता, ते नेहमी बोलून दाखवायचे." त्यांनी तसं खरोखर म्हटलेलं तुम्ही ऐकलं असेल तरच. दीर्घ आजाराच्या रजेवर असलेल्यांना फोन करायचा, तोही आधी घरच्यांना विचारून आणि "रुजू कधी होताय" हा प्रश्न टाळून.

आणि आता मे. राज्य शासनात बहुतेकांचं निवृत्तीचं वय 58, गट ड मध्ये (शिपाई वगैरे) 60. ज्या महिन्यात ते वय पूर्ण होतं त्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, पण जन्म पहिल्या तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या अखेरीस. म्हणजे 1 जूनवाले सगळे 31 मे रोजी जातात. एकाच दुपारी तीन-तीन निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो. दुसऱ्या दिवशी, 1 जूनला, त्यांचा वाढदिवस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सकाळी कुठे जायचं नाही आणि त्याच दिवशी ऑफिसचा ग्रुपही गप्प, कारण "कालच तर सगळं झालं". या एका तारखेची तयारी मी सगळ्यात आधी करतो. निरोपाच्या पत्रात वाढदिवस उरकून टाकू नका. वेगळं पत्र करा, सह्या 31 मेच्या आधीच घ्या, आणि जवळ राहणाऱ्या एकाने ते 1 जूनला संध्याकाळी घरी नेऊन द्यावं. लांब असतील तर सकाळी दहाच्या सुमाराला फोन करा, एरवी ते हजेरीपटावर सही करत असत त्या वेळेला. त्यांच्या नावाला ग्रुपमधून काढायची घाई करू नका, आणि पुढच्या वर्षीच्या वहीत निवृत्तांसाठी शेवटची चार पानं राखा.

बदल्यांचे आदेशही याच दिवसांत निघतात. जो दुसरीकडे गेला त्याचं पान फाडून त्याच्या हातात द्या, वर्षभर टिपलेल्या ओळींसकट. नव्या कार्यालयात तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्याला तारीख आणि "अंडं चालत नाही" एवढं कळवा. तुमच्याकडे जे नवीन हजर झाले त्यांना पहिल्या पंधरवड्यातच गाठून विचारा. जुलैतला वाढदिवस असेल तर अजून त्यांची कुणाशी फारशी ओळख झालेली नसते, आणि लिहायला कामातली एकही ओळ हाताशी नसते. अशा वेळी मागच्या कार्यालयात फोन लावा. तिथला कुणीतरी त्यांच्याबद्दल एखादी चांगली गोष्ट नक्की सांगेल, तीच लिहा.