विवृत क्वांटम प्रणालींचे सिम्युलेशन: सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी भोवतालाशी आंतरक्रिया करणाऱ्या, म्हणजेच विवृत, क्वांटम प्रणाली हा विषय घेतला, तेव्हा माझ्याजवळ एक साधा लॅपटॉप आणि सोलापूरच्या पूर्व भागातली, यंत्रमागांच्या खडखडाटातली एक खोली होती. एवढ्यावर हा विषय उत्तम शिकता येतो. मात्र मी ज्या क्रमाने शिकलो, तो क्रम नवागतांनी टाळावा.

मी सुरुवातच पाच क्युबिटांच्या (क्युबिट म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली) सिम्युलेशनचा कोड लिहून केली. त्याआधी एकच क्युबिट कागदावर सोडवायला हवा होता. उत्तेजित अणू भोवतालाला ऊर्जा देत खाली येतो आणि तो वरच्या पातळीवर सापडण्याची संभाव्यता घातांकी नियमाने घटते, एवढे लिंडब्लाड समीकरणावरून, म्हणजे विवृत प्रणालीची अवस्था काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या समीकरणावरून, स्वतः काढता आले पाहिजे. (हे समीकरण १९७६ मध्ये लिंडब्लाड यांनी, आणि स्वतंत्रपणे गोरिनी, कोसाकोव्स्की व केरळात जन्मलेले सुदर्शन यांनी मांडले, याचे मला आजही अप्रूप वाटते.)

पायथनमधील क्यूटिप या लायब्ररीत क्षयाचा ऑपरेटर देताना त्याला क्षयदराच्या वर्गमुळाने गुणावे लागते. मी थेट दरानेच गुणले. दर ०.१ होता, प्रत्यक्षात त्याचा वर्ग, म्हणजे ०.०१, लागू झाला आणि १० एककांचा क्षयकाळ १०० एककांचा झाला. आलेख गुळगुळीत होता, घनता मॅट्रिक्सच्या (प्रणालीची अवस्था संभाव्यतांसह मांडणाऱ्या मॅट्रिक्सच्या) कर्णावरील संख्यांची, म्हणजे संभाव्यतांची, बेरीज १ भरत होती, एकही आयगेनमूल्य ऋण नव्हते. म्हणून दोन आठवडे मला शंकाही आली नाही. या दोन्ही तपासण्या आवश्यकच आहेत, पण चुकीच्या दराचे समीकरणही त्यांत निर्दोष उतरते. ती चूक पकडली ती हाताने काढलेल्या उत्तराने.

दुसरा प्रश्न मेमरीचा. दहा क्युबिटांच्या अवस्था-सदिशात १,०२४ संख्या असतात, तर घनता मॅट्रिक्समध्ये १०,४८,५७६. तिच्यावर क्रिया करणारा सुपरऑपरेटर पूर्ण मांडायचा म्हटल्यास सुमारे १६ टेराबाइट जागा लागेल. अशा वेळी १९९२ च्या सुमारास पुढे आलेली माँटे कार्लो पद्धत वापरावी: तीत सदिशच पुढे न्यायचा, यादृच्छिक क्षणी त्याला क्वांटम उडी द्यायची, म्हणजे अवस्था एकदम बदलायची, आणि अशा अनेक वाटचालींची सरासरी घ्यायची.

भोवताल मागचे सारे लगेच विसरतो, हे लिंडब्लाड समीकरणामागचे गृहीतक आहे. प्रणालीची भोवतालाशी जोडणी तीव्र असेल किंवा भोवतालाची स्मृती दीर्घ असेल, तर ते टिकत नाही. तिथे तानिमुरा आणि कुबो यांची १९८९ ची श्रेणीबद्ध समीकरणांची पद्धत उपयोगी पडते. श्रेणीची खोली, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या समीकरणांचे थर, वाढवूनही उत्तर बदलेनासे झाले, की मगच ते स्वीकारावे. ही गणिते तासन्‌तास चालतात. सोलापुरात मे महिन्यात ती रात्रीच लावावीत आणि दर टप्प्याचा निकाल फाइलमध्ये साठवावा, कारण वीज कधी जाईल याचा नेम नसतो.