नकाशात नसलेली खानावळ कशी गाठावी

माझं काम पतसंस्थांच्या ऑडिटचं. म्हणजे गाव नवं, मुक्काम लॉजवर आणि जेवण बाहेर. संस्थेचे लोक दुपारी हमखास हायवेवरच्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये न्यायला बघतात. तिथलं पनीर सांगलीत असो की लातुरात, चव तीच. यातून सुटायला ‘उपवास आहे’ म्हणू नका, संध्याकाळी वडापाव खाताना कुणीतरी बघतंच. ‘जरा मेडिकलमध्ये जाऊन येते’ म्हणा आणि निघा.

घरगुती खानावळ शोधायची तर साडेबारा ते सव्वा ही वेळ. दोननंतर गेलात तर चांगल्या ठिकाणी पातेली घासायला पडलेली असतात. कोर्ट, तहसील कचेरी, मार्केट यार्ड यांच्या मागच्या गल्ल्या धरा आणि चालतच जा. एसटी स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टर भेटले तर ‘चांगलं हॉटेल कुठंय’ असं विचारू नका. ते तुमची पर्स बघून एसीवालं सांगतात. ‘तुम्ही कुठं जेवता?’ असं विचारा.

पाटी नसली तरी खुणा असतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, हात धुवायला पिंप आणि वर तरंगणारा प्लास्टिकचा मग, आतून भाकरी थापल्याचा आवाज. भिंतीवर ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा’ असं लिहिलेलं दिसलं तर बिनधास्त आत शिरा. मासिक मेंबर आहेत म्हणजे तीच माणसं उद्याही जेवायला येणार. त्यांना रोज सोडा घातलेली डाळ वाढून धंदा चालत नाही.

आता या खानावळवाल्यांच्या विक्षिप्तपणाबद्दल. अशा ठिकाणी कायदे फार, आणि नवखा माणूस तिथेच बिचकतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत झेरॉक्सचं दुकान शोधताना मला एक घर सापडलं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवून दोन टेबलं मांडलेली. दर स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेला. ताट एकच प्रकारचं. फोनवर बोलायचं असेल तर बाहेर. मी सुकं मटण अजून मागितलं.

“वहिनी, थोडं सुकं मिळेल?”

“ताई, मटण एकदाच. रस्सा घ्या की, लागंल तेवढा.”

हा खडूसपणा नव्हे, हिशोब आहे. मटण सकाळी तोलून आणलेलं, तुकडे ताटागणिक मोजलेले. ते शिजवून जे अळणी पाणी निघतं, त्याचेच दोन वाटे होतात. एकात चटणी-मसाला पडला की तांबडा, दुसऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि खडा मसाला पडला की पांढरा. तुकडे वाढत नाहीत, रस्सा वाढवता येतो. म्हणून मागायचंच तर रस्सा मागा. पांढरा पातळच हवा, वाटी तोंडाला लावून पिता येईल असा. चमच्याला चिकटत असेल तर काजूची पेस्ट सढळ पडलीय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी दुसरी गल्ली बघा.

वारही बघून जा. कोल्हापुरात मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात, श्रावणात तर कित्येक खानावळी मटणाचं नावच काढत नाहीत. पुण्यातल्या मेसमध्ये रविवारी दुपारी फिस्ट, म्हणजे गोडाधोडाचं खास जेवण, असते आणि रात्री बंद, हे माहीत नसेल तर रविवारी रात्री बिस्किटांवर झोपावं लागतं. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत फळ्यावर ताजी सुरमई दिसली तर ती कुठून आली ते विचारा, नाहीतर सरळ सुकटीची चटणी नि खाडीतले खेकडे-तिसऱ्या घ्या. नागपुरात महाल-इतवारीकडे सावजी भोजनालयं आहेत. मुळात हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. मटण झेपत नसेल तर पाटवडी रस्सा मागा, पण बेसनाच्या वड्या बघून तिखटाबद्दल गाफील राहू नका.

बाईमाणूस एकटी असेल तर बाहेरून आत एकदा नजर टाकायची. रांधणारी बाई दिसली तर तिच्याशीच बोलायचं, ‘एकटीच आहे, कुठं बसू?’ बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा मिळते. ती सगळ्यात उत्तम जागा, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. गल्ल्यावर नुसता पुरुष आणि आत कोपऱ्यात बाटल्या असतील तर मी उंबरा ओलांडत नाही, जेवण कितीही नावाजलेलं असो.

सुटे पैसे ठेवा. फोटो काढायचा तर आधी विचारा, काही घरांना तो नको असतो आणि त्यामागे लायसन्सपासून भाऊबंदकीपर्यंत काहीही असू शकतं. रात्रीचं जेवण लॉजवर न्यायचं असेल तर आदल्या वेळी सांगून ठेवा आणि स्वतःचा डबा न्या, पिशवीत बांधून देणारी माणसं ही नव्हेत. तांबडा रस्सा खुशाल न्या. पांढरा मात्र तिथेच पिऊन घ्या, लॉजवरच्या पोराने तो परत खळखळून उकळला की नारळाचं दूध फुटतं.