डिजिटल निगेटिव्ह छापण्याआधी कोऱ्या फिल्मची चाचणी घ्या

सायनोटाइपसाठी (लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात उमटणाऱ्या निळ्या छपाईसाठी) इंकजेट प्रिंटरवर निगेटिव्ह तयार करताना बहुतेक जण थेट फोटोपासून सुरुवात करतात आणि निळा रंग फिका आला की दोष रसायनांना देतात. खरे तर कागद प्रकाशात किती वेळ ठेवायचा, ती वेळ आधी ठरवायला हवी. ज्या पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापणार आहात, तिचा कोरा तुकडा लेप दिलेल्या कागदावर ठेवावा, वरून काच दाबून बसवावी आणि पुठ्ठा दर दोन मिनिटांनी सरकवत उन्हात पट्ट्या पाडाव्यात. वाळताना हा निळा आणखी गडद होतो, म्हणून ओल्या कागदावरून निर्णय घेऊ नये. प्रिंट धुऊन पूर्ण सुकल्यावर ज्या पट्टीनंतर रंग अधिक गडद होत नाही, तिची वेळ मूळ वेळ मानावी. त्याच वेळेने राखाडी छटांची पट्टी छापून पाहिली, की कोणत्या छटा एकमेकींत मिसळतात ते दिसते आणि त्यानुसार फोटोचा कर्व्ह (संगणकावर छटा फिक्या-गडद करणारी रेषा) बदलता येतो. ऊन तासातासाला बदलते, त्यामुळे शक्य असल्यास अतिनील दिवाच वापरावा.

निगेटिव्ह आडवे उलटवून छापावे, म्हणजे शाईची बाजू कागदाला भिडते आणि रेषा रेखीव येतात. फिल्मची शाई धरणारी, लेपाची बाजू कोणती, हे ओलसर बोट कोपऱ्याला लावताच कळते: ती किंचित चिकटते. पावसाळ्यात मात्र शाई पूर्ण सुकेपर्यंत थांबावेच, नाहीतर निगेटिव्ह आणि कागद दोन्ही वाया जातात.