पोतं उचलताना कंबर कशी सांभाळावी

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीनची आवक सुरू झाली की हमालाला दम घ्यायला सवड नसते. अशा कित्येक हंगामांत मी पोत्यांची थप्पी मारली आहे. पण माझी उसण भरली ती ५० किलोच्या कट्ट्यानं, म्हणजे लहान पोत्यानं, नव्हे. रिकाम्या बारदानाचा गठ्ठा वाकून उचलला आणि तसाच अंगाला पीळ देऊन मागं टाकला. कमरेत चमक गेली आणि मी त्या गठ्ठ्यावरच बसलो. हे का झालं, ते मला फार उशिरा कळलं.

हातातलं ओझं कमरेपासून दीड फूट पुढं असतं आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम दोन इंचांवर. तराजूची दांडी डोळ्यांसमोर आणा. लांब बाजूला २० किलो असले, तर आखूड बाजूला स्नायूंना त्याच्या नऊपट, म्हणजे १८० किलोंची ओढ लावावी लागते. हा सगळा दाब मणक्यांमधल्या गादीवर येतो. त्यात कंबर वळवली की गादीला पीळ बसतो. आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, ती अशीही सरकू शकते.

म्हणून आधी वाट झाडून घ्या. सांडलेलं सोयाबीन पायाखाली छर्‍यांसारखं फिरतं, आणि पाठीवर पोतं असताना पाय सटकला तर सावरता येत नाही. ट्रकला लावलेली फळी हलते का, तेही पाय देऊन बघा.

मग पोतं. जमिनीवरचा ५० किलोचा कट्टा एकट्यानं उचलू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून एका हातानं पोत्याचा कान, म्हणजे वरचा कोपरा, धरावा, दुसरा हात बुडाखाली घालावा, गुडघे वाकवावेत, पाठ ताठ ठेवावी आणि एकानं ‘हं’ म्हणताच एकदमच उठावं. दोघांत एकजण आधी उठला तर सगळा भार दुसऱ्याच्या कमरेवर जातो. पोतं पाठीवर घेणाऱ्या तिसऱ्यानं गुडघ्यांत किंचित वाकून उभं राहावं आणि ते दोन्ही खांद्यांच्या मधोमध, वर घ्यावं. कमरेवर लोंबकळू देऊ नये. प्लॅस्टिकच्या कट्ट्याला लोखंडी आकडा लावू नका. वीण फाटते, हात झटक्यानं सुटतो.

एकट्यानं उचलायचं ओझं हलकंच असावं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात, सगळं अनुकूल असतानाही ही मर्यादा २३ किलो धरली आहे. ओझ्याच्या अगदी जवळ जा, एक पाय थोडा पुढं ठेवा, खाली बसा, ओझं पोटाशी धरा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर पावलं टाकून वळा. छाती आणि पायाची बोटं एकाच दिशेला राहिली पाहिजेत. मला कुणी एकच गोष्ट सांगायला लावली तर मी हीच सांगेन.

सकाळी उठल्याउठल्या वाकून उचल करू नका. रात्रभरात मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकल्यावर त्यांच्यावर जास्त ताण येतो. आधी गाडा ओढा, वाट झाडा. कमरेला उपरणं किंवा पट्टा आवळून बांधल्यानं बळ आल्यासारखं वाटतं, पण दुखापत टळते असं सिद्ध झालेलं नाही. त्या भरवशावर जास्त वजन घेऊ नका.

काही गोष्टी आडत्यांच्या हातात आहेत. पोतं जमिनीऐवजी कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवलं तर निम्मं वाकणं वाचतं. १०० किलोचं पोतं भरूच नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत धडधाकट पुरुषासाठीसुद्धा ५५ किलोच्या वर जाऊ नका असं म्हटलं आहे, आणि बायांसाठी त्याहून बरंच कमी.

उसण भरलीच तर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेऊ नका. दुखावलेल्या गादीला त्यानं आणखी इजा होऊ शकते. एखादा दिवस आराम करा, मग सोसेल तेवढं चालत राहा, पण उचल बंद ठेवा. कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाऊल उचलत नसेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच तासाला रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात जा.