लिव्हरचा रक्तप्रवाह एमआरआयवर मोजायचाय? आधी पेशंटशी बोला

आपल्या मराठवाड्यात पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्यांकडचं रक्त लिव्हरला आणणारी मोठी शीर, बघायची म्हटली की सोनोग्राफीवरचं डॉपलर, एवढंच ठरलेलं. एमआरआयवर प्रवाह मोजायची वेळ येते ती बहुधा एखाद्या रेसिडेंटच्या थिसिससाठी, आणि मग मशीनवर बसलेल्या नव्या टेक्निशियनची धांदल उडते. या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

इंजेक्शन लागत नाही. फेज-कॉन्ट्रास्ट या स्कॅनच्या पद्धतीत (सीक्वेन्समध्ये) वाहत्या रक्ताच्या सिग्नलचा फेज, म्हणजे लहरीतला टप्पा, वेगाच्या प्रमाणात सरकतो. शिरेला काटकोनात स्लाइस घ्यायचा, कड आखायची, क्षेत्रफळाला सरासरी वेगाने गुणायचं. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी मोजतात, तोच हिशेब. व्यास १२ मिमी, सरासरी वेग सेकंदाला १६ सेंमी, तर मिनिटाला जवळपास १,०८५ मिली. हे गणित एकदा कागदावर करा. मग सॉफ्टवेअरने ३,००० दाखवलं तर लगेच खटकेल.

व्हेंक, म्हणजे मोजता येणारा कमाल वेग, पोर्टल व्हेनला सेकंदाला ४०-५० सेंमी बहुतेक वेळा पुरतो. कमी पडला तर सरळ वाहणारं रक्त उलटं दिसतं. गोची अशी, की सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होण्याच्या आजारात, ते खरंच उलटं वाहू शकतं. शंका आली की व्हेंक वाढवून पुन्हा घ्या. उगाच १५० ठेवलात तर संथ प्रवाह नॉइजमध्ये बुडतो.

पण खरी मेहनत मशीनबाहेर आहे. जेवणानंतर पोर्टल व्हेनचा प्रवाह चांगलाच वाढतो, म्हणून पेशंट किमान सहा तास उपाशी हवा. पहाटेच्या एसटीने आलेला माणूस ‘उपाशीच आहे साहेब’ म्हणतो, आणि स्टँडवर चहा-बिस्कीट झालेलं असतं. एकादशी असेल तर साबुदाणा. ‘उपाशी आहात का?’ असं विचारूच नका. ‘सकाळपासून तोंडात काय काय गेलं, मावशी?’ असं विचारा, सगळं कळतं.

श्वासाचंही तसंच. ‘दम धरा’ म्हटलं की माणूस छाती भरून श्वास घेतो आणि कुंथतो. पोटातला दाब वाढतो, प्रवाह बदलतो. ‘श्वास सोडा, आता घेऊ नका’ हे टेबलवर झोपवण्याआधीच दोन-तीनदा करून घ्या. पंधरा-वीस सेकंद थांबता आलं की काम होतं. जलोदर असलेल्याला तेवढंही जड जातं, तिथे हट्ट करू नका.

हिपॅटिक आर्टरी, म्हणजे लिव्हरला रक्त देणारी धमनी, मात्र चार-पाच मिलिमीटरची, वळणावळणाची. तिच्यावर मोजकेच पिक्सेल पडतात, त्यामुळे थेट मोजलेल्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा इन्फिरियर व्हेना कॅव्हाचा, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेचा, प्रवाह दोन ठिकाणी मोजा: लिव्हरमधून येणाऱ्या हिपॅटिक व्हेन्स मिळाल्यानंतर वर, आणि लिव्हरच्या खाली, रीनल (मूत्रपिंडाच्या) व्हेन्सच्या वरच्या बाजूला. वरच्यातून खालचा वजा केला की लिव्हरचा एकूण प्रवाह. त्यातून पोर्टलचा वजा केला की आर्टरीचा वाटा, निरोगी माणसात साधारण पाव हिस्सा. अर्थात तिन्ही मोजमापांतल्या चुका या शेवटच्या आकड्यात गोळा होतात, तेव्हा थिसिसच्या तक्त्यात तो दशांशासकट लिहायचा मोह रेसिडेंटला आवरायला लावा.